लागोस लागलो काय?

मालवणात आलेला पाहुणा सिंधुदुर्ग किल्ला बघतो, होडीत पाय ठेवताना एकदा घाबरतो, सुरमईचं ताट संपवतो आणि परतीची एसटी धरण्याआधी काजूची पाकिटं घेतो. "गावचोच मा?" असं तो आमच्या भाषेत विचारून बघतो आणि दुकानदार ठसक्यात "मगे!" म्हणतो. दुकानदार खोटं बोलत नाही. बी भाजली गावात, फोडली गावात, आमच्याच बायकांनी ओळीनं बसून पाकळी आणि तुकडा वेगळा केला. फक्त जन्माचा दाखला मागू नये.

वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून उभं आहे, आणि आमच्या परड्यातसुद्धा 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' आहेत. तरी कोकणातली बी काही वर्षभर पुरत नाही आणि कारखाना तर बारा महिने चालवायचा असतो. देशातल्या कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या बीपैकी निम्म्याच्या आसपास आफ्रिकेतून येते. आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, गिनी-बिसाव. यात लाजण्यासारखं काही नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून गोव्यात आणला तेव्हापासून काजू आमच्याकडे बोटीनंच येतोय.

माझे भावोजी या बीच्या मागावर असतात. एका आयातदाराकडे ते माल तपासायला आहेत. फेब्रुवारीत अबिजान, एप्रिलमध्ये बिसाव, आणि आमच्याकडे पाऊस लागला की परत. आमचा कारखाना म्हणजे मोठी पडवी आणि एक बॉयलर, पण माल त्याच आयातदाराकडून उचलतो. म्हणून बाबांना जावयाकडून एकच गोष्ट हवी असते: आउटटर्न. किलोभर बी कातरून बघायची, चांगला गर तोलायचा, डागी गर अर्धा धरायचा, आणि हिशेब असा मांडायचा की ऐंशी किलोच्या गोणीतून किती पौंड गर निघेल. सत्तेचाळीस म्हणजे बरा, पन्नास म्हणजे उत्तम. सगळा धंदा या एका आकड्यावर. वजन किलोत, उत्तर पौंडात, हे असं का, असं मी एकदा बाबांना विचारलं होतं. "तू गणिताक किती पडललंस?" असं त्यांनी उलट विचारलं.

आकडा उच्चारायला दोन सेकंद लागतात. तो ऐकण्यासाठी आमच्या घरानं गेल्या वीस वर्षांत किती मिनिटं खर्च केली, त्याची ही गजाल. पण तिची सुरुवात भावोजींच्याही आधी होते.

नव्वदच्या दशकात आमचे मधले काका नायजेरियात लागोसला प्लास्टिकच्या एका कारखान्यात होते. घरी फोन नव्हता. बाजारात पिवळ्या पाटीचा एसटीडी-आयएसडी-पीसीओ होता. काचेचं खोपटं, आत स्टूल, भिंतीवर लाल आकड्यांचं मीटर, आणि बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर मालक, जो आपण आत काय बोलतो ते अजिबात ऐकत नाही असं दाखवायचा. रविवारी संध्याकाळी काकू जायची. नंबर फिरवायचा, तो लागायचा नाही, परत फिरवायचा. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण डोकावून विचारायचा, "लागोस लागलो काय?" पुढे पुढे गावात कुणाचंही कुठलंही काम अडलं, मग ते तलाठ्याकडचं असो की मुलीच्या लग्नाचं, की हाच प्रश्न विचारला जाऊ लागला. आजही म्हाताऱ्या माणसांत ऐकू येतो. लागोस कुठे आहे हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नाही.

लागोस क्वचित लागायचाच. काकूनं चिठ्ठीवर मुद्दे लिहून नेलेले असायचे: मनीऑर्डर, कौलं, आत्येचं ऑपरेशन, झिलाची फी. फोन लागला की पहिलं अर्धं मिनिट "कसे आसात?" "बरो आसय. तू कशी आसस?" "मी बरी." यात जायचं. मग काकूचा गळा दाटून यायचा. मग तिची नजर लाल आकड्यांवर जायची आणि गळा आपोआप मोकळा व्हायचा. मीटर बघून इतक्या झटकन डोळे कोरडे झालेली बाई मी पुन्हा पाहिली नाही. तीन मिनिटांत दोन किलो सुरमईचे पैसे उडायचे. मग मुद्दे दोन ते चार एका दमात, इतक्या मोठ्यानं, की ते ऐकायला लागोसला फोनची गरज नव्हती. आत्येच्या ऑपरेशनची बातमी बाजाराला काकांच्याही आधी कळली. कर्रर्र करून बिलाची पट्टी निघायची. काकू ती घडी करून पोथीत ठेवायची. काकांची पत्रं तिनं जपली नाहीत, पण या पट्ट्या अजून आहेत. शाई उडून गेलेली.

त्या वेळी परदेशी फोनचा अख्खा व्यवहार विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीकडे होता. ही मक्तेदारी ३१ मार्च २००२ ला संपली आणि दुसऱ्या दिवशीपासून बाजार खुला झाला. फोन स्वस्त होणार ही बातमी १ एप्रिलची, त्यामुळे बाबांनी तिच्यावर तीन वर्षं विश्वास ठेवला नाही. त्याच तारखेपासून आपल्याकडच्या कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनवर इंटरनेटमार्फत बोलायलाही कायद्यानं परवानगी मिळाली. आणि त्याच सुमारास ताईचं लग्न ठरलं. स्थळ आफ्रिकेला जाणारं आहे म्हटल्यावर आजीनं विचारलं, "थंय फोन लागता काय?" मुलाचा पगार कुणी विचारला नाही.

मग सुरू झालं कुडाळचं सायबर कॅफे. मालवणहून एसटीनं कुडाळ, तासाभराचा रस्ता, कानावर ते स्पंज लावलेलं यंत्र आणि समोर स्क्रीन. कॉल मिनिटाला काही रुपयांत, जाण्यायेण्याचं तिकीट आणि वडा-उसळ धरून मात्र पीसीओपेक्षा महाग. पण बाबांचा हिशेब सरळ होता: "एसटीचे पैशे एसटीचे. फोन सवाय." इथे बोललेलं तिथे पोचायला दोन-तीन सेकंद लागत आणि मध्ये आपलाच आवाज परत येई. बाबा विचारत, "आउटटर्न किती?" आणि त्यांच्याच कानात त्यांचाच आवाज विचारी, "किती?" बाबा चिडून म्हणत, "मी तुमका इचारतंय, तुमी माका काय इचारतास?" तोवर तिकडून उत्तर येऊन याच वाक्याखाली दबून गेलेलं असे.

असंच एकदा भावोजींनी अबिजानहून सांगितलं, "एकोणपन्नास." कुडाळात पोचलं ते फक्त "पन्नास". 'एकोण' वाटेत अटलांटिक महासागरात बुडालं. आपले संख्याशब्द किती जोखमीचे आहेत ते त्या दिवशी कळलं. एक पौंडाचा तर फरक, असं वाचकाला वाटेल. सोळा टनांच्या मालात ऐंशी किलोच्या दोनशे गोण्या. गोणीमागं एक पौंड म्हणजे दोनशे पौंड, म्हणजे नव्वद किलो गर. बाबांनी पन्नासच्या भावानं माल धरला. बी फोडून झाल्यावर नव्वद किलो गर कुठे गेला म्हणून पडवीपासून चुलीपर्यंत शोध झाला, पाकळी काढणाऱ्या बायकांच्या पिशव्यांकडेही संशयानं पाहून झालं. भावोजी जूनमध्ये परत आले तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून आमच्या घरात आउटटर्न इंग्रजीत सांगायचा असा नियम आहे. बाबांनी आयुष्यात मराठीचा एवढा अपमान कधी केला नव्हता.

कॉलिंग कार्डाचं प्रकरण मी थोडक्यात आवरतो, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. एक माणूस ती विकायला आला. वर 'आफ्रिका ६० मिनिटं' असं छापलेलं. नाण्यानं खरवडायचं, चौदा आकडे दाबायचे, बाईचं बोलणं ऐकायचं, मग परत आकडे. साठ मिनिटांतली अकरा जोडणीत गेली, सात सेवाशुल्कात, आणि एकदा फोन ठेवला की उरलेली कुठे जात होती ते त्या बाईलाच ठाऊक. आईनं त्या कार्डांनी पुढे कणीक खरवडली. तेवढे पैसे वसूल.

मिस कॉल हा मात्र आमचा स्वतःचा शोध होता, निदान आम्हाला तसं वाटायचं. तोवर घरी फोन आला होता. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे पैसे पाठवले. तीन म्हणजे बूथवर या, बोलायचंय. यात दोन अडचणी आल्या. पहिली यांत्रिक: तिकडे कानावर पडणारी रिंग आणि इकडे वाजणारी रिंग यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. भावोजी तीन मोजून ठेवत, इथे दोनच वाजत, आणि ताई बँकेत जाऊन न आलेल्या पैशांवरून कारकुनाशी भांडून येई. दुसरी अडचण आजी. दारी आलेल्याला तिष्ठत ठेवायचं नाही या संस्कारात वाढलेली बाई. रिंग वाजली की माजघरातून धावत येऊन पहिल्याच ठोक्याला उचलायची आणि म्हणायची, "कोण ता?" तिला लाख समजावलं, आजी, हा फोन उचलायचा नसतो. ती म्हणाली, "मगे करता कित्याक?" यावर आजतागायत कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

अमेरिकेचा फोन कवडीमोल होत गेला तरी आफ्रिकेचा महाग का, हे कोडं मी बरीच वर्षं वागवलं. अंतर म्हणावं तर पश्चिम आफ्रिका अमेरिकेपेक्षा जवळ. उत्तर असं की पैसे फोन पाठवायचे नसतातच, उतरवून घ्यायचे असतात. मचव्यानं माल कुठूनही आणा, ज्या बंदरात उतरेल तिथली जकात द्यायलाच लागते, तसं. कॉल ज्या देशात उतरतो तिथली कंपनी मिनिटामागं उतराई घेते, आणि गरीब देशांच्या सरकारांना ही परकीय चलनाची चांगली आवक वाटली. घानानं २०१० मध्ये परदेशातून येणाऱ्या कॉलला मिनिटाला किमान १९ सेंट असा दरच बांधून टाकला. आपल्याकडे उलटं. 'ट्राय'नं १ फेब्रुवारी २०१८ पासून ही उतराई ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणली. थोडक्यात, त्यांनी नाका उभारला आणि आपण फाटकाला कडीही ठेवली नाही.

आता नाका आला की चोरवाट आलीच. एका डब्यात पन्नासेक सिमकार्डं कोंबायची, इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल त्यातल्या एका कार्डावरून स्थानिक म्हणून सोडायचा. त्याला सिमबॉक्स म्हणतात, आणि तो तिकडेही बेकायदा, इकडेही. त्यामुळे मी मालवणच्या समुद्राकडे तोंड करून केलेला फोन भावोजींच्या मोबाइलवर तिथल्याच कुठल्या तरी नंबरवरून आल्यासारखा दिसायचा. भावोजींना वाटायचं गोदामवाला. ते उचलून फ्रेंचमध्ये ओरडायचे. मी इकडे मालवणीत. दोघांनाही एकमेकांना ओळखायला फोन बंद होईस्तोवर वेळ मिळायचा.

एवढ्यात ताईच्या मोबाइलवर पहाटे एक मिस कॉल आला. सुरुवातीला २२४. ताईनं अर्ध्या झोपेत तो नवऱ्याचा धरला आणि उलट फोन केला. तिकडे नुसतं संगीत. ती नवऱ्याला काहीतरी झालंय म्हणून चार मिनिटं रडत ऐकत राहिली आणि सगळी शिल्लक साफ झाली. बिसावचा कोड २४५. २२४ म्हणजे दुसरं गिनी. पृथ्वीच्या पाठीवर गिनी नावाचे देश चार आहेत: नुसतं गिनी, गिनी-बिसाव, विषुववृत्तीय गिनी आणि तिकडे ऑस्ट्रेलियाजवळ पापुआ न्यू गिनी. शिवाय आपल्या गोठ्यातलं गिनी गवत वेगळं. एकच रिंग देऊन माणसाला उलट फोन करायला लावायचं आणि त्या महाग मिनिटांत वाटा खायचा, या फसवणुकीला जपानी भाषेत 'वांगीरी' म्हणतात. मी हे घरात समजावून सांगितलं. आजीला त्यातली फक्त वांगी ऐकू आली आणि तिनं विचारलं, "किलो कशी?"

नायजेरियाच्या दंडविधानात असल्या ठकबाजीचं कलम ४१९ आहे, म्हणून जगभर तिला 'फोर-वन-नाइन' म्हणतात. आपलं ४२०. एका आकड्याचं अंतर, शेजारीपाजारीच म्हणायचे. आता आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली आणि फसवणूक ३१८ व्या कलमात गेली. पण बाबांनी कार्डवाल्याला द्यायची शिवी बदललेली नाही.

व्हॉट्सॲपवर २०१५ पासून बोलता येऊ लागलं, पुढच्या वर्षी स्वस्त डेटा आला, आणि आम्हाला वाटलं की लागोस कायमचा लागला. पैशांचा प्रश्न मिटला. रेंजचा उभा राहिला. आमचं घर खाली, माडांत. रेंज वर, सड्यावर, तीही एका जांभळीच्या बुंध्याशी, तोंड पश्चिमेला केल्यास. संध्याकाळी सगळं कुटुंब त्या जांभळीखाली. आमच्याकडे साडेसात वाजतात तेव्हा भावोजींकडे दुपारचे दोन, म्हणजे ऐन गोदामातली वेळ. ते मोकळे होतात रात्री नऊला, तेव्हा आमच्याकडे अडीच वाजलेले. रात्री अडीचला बॅटरी घेऊन जांभळीखाली कोण जाणार? ताई गेली. गावात तिसऱ्या दिवशी जांभळीवर काहीतरी आहे अशी वदंता पसरली.

इथेच मला खरा शोध लागला. इतकी वर्षं आम्ही महागाईला दोष देत होतो, पण आकडा वेळेवर न मिळण्याचं कारण महागाई नव्हतीच. मालवणी माणूस मुद्द्यावर येत नाही. आधी जेवण, मग पाऊस, मग म्हावरं, मग अमक्याची म्हातारी अजून आहे का, आणि उठता उठता उंबऱ्यावर मूळ काम. आमच्यात हे घरंदाजपणाचं लक्षण. आणि तिकडे? भावोजी सांगतात, बिसावच्या व्यापाऱ्याला तुम्ही भेटल्याभेटल्या भाव विचारलात तर तो तुम्हाला जनावर समजतो. आधी "कुमा दि कुर्पू?" म्हणजे शरीर कसं आहे? "कुर्पू स्ता बोन", शरीर बरं आहे. मग घर कसं, आई कशी, पोरं कशी, काल रात्री झोप कशी. मग तेच प्रश्न उलट दिशेनं. शेवटी, निघता निघता, काजू. मिनिटावर पैसे आकारणाऱ्या तारेच्या दोन टोकांना देवानं नेमकी हीच दोन माणसं आणून बसवली. टेलिफोन कंपन्यांची भरभराट उगाच झाली नाही.

"जावयबापू, आकडो सांगा, आकडो!" हे बाबांचं पालुपद. त्याआधी भावोजी आजीला बांगड्याचा भाव विचारत असायचे.

१४ मार्च २०२४. भावोजी अबिजानला. सकाळी त्यांचा 'पोचलो' असा संदेश आला आणि नंतर काहीच नाही. एक दिवस, दोन दिवस. ताईनं जांभळीला प्रदक्षिणा घातल्या. मग बातम्यांत कळलं की अबिजानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालून जाणाऱ्या चार केबल एकाच वेळी तुटल्या आणि निम्म्या पश्चिम आफ्रिकेचं इंटरनेट झोपलं. समुद्राखाली तार असते हे आजीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "पाण्यात वायर? करंट लागात मा म्हावऱ्याक!"

म्हणजे पुन्हा घरातला साधा फोन, पैसे मोजून. भावोजींचं व्हॉट्सॲप आपल्याच नंबरवर, तो बंद. पण कालनिर्णयच्या एका जुन्या पानावर ते दर वर्षी उतरतात त्या लॉजच्या मालकाचा नंबर होता, आईनं २०१९ मध्ये लिहून ठेवलेला. २२५ आणि पुढे आठ आकडे. लागेना. दहा वेळा केला. शेवटी भाच्यानं शोधून काढलं की आयव्हरी कोस्टनं ३१ जानेवारी २०२१ पासून सगळे नंबर दहा आकडी केलेत. मोबाइल असेल तर जुन्या नंबराआधी कंपनीप्रमाणे ०१, ०५ किंवा ०७ लावायचं. लॉजमालकाची कंपनी कुठली हे कालनिर्णयात नव्हतं. आधी ०१ लावून पाहिलं: तिकडे नुसतं टूं टूं. ०५ लावल्यावर एका बाईनं उचललं आणि आमच्यावर बराच वेळ रागावली. कशावरून ते कळलं नाही, पण ताईनं दोनदा माफी मागितली.

०७ लागला. फोन स्पीकरवर. बाबांनी घसा साफ करून, शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी एकवटून जावयाचं नाव घेतलं. तिकडून एक भारदस्त आवाज आला, "आ, ल्वी? इल ने पा ला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भाच्यानं भाषांतराचं ॲप उघडायला घेतलं, पण रेंज नव्हती. बाबा पुन्हा म्हणाले, "व्हेअर? व्हेअर ही?" तिकडून पुन्हा, जरा सावकाश, "इल ने पा ला, मस्यू."

आजी कोपऱ्यात वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ओरडतास कित्याक? सांगता मा तो, इलो नाय म्हणान."

नंतर भावोजींकडून खातरी करून घेतली. फ्रेंचमध्ये 'इल ने पा ला' म्हणजे 'तो इथे नाही'. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईनं जन्मात पहिल्यांदा कानावर पडलेल्या फ्रेंच वाक्याचं भाषांतर बिनचूक केलं होतं. तिला त्यात विशेष वाटलं नाही. माणूस बाहेर गेलेला असताना घरातून दुसरं काय सांगणार, हा तिचा मुद्दा होता. चारेक दिवसांनी भावोजींचा आवाज आला, पैसे मोजलेल्या फोनवर, खणखणीत, शेजारच्या वाडीतून यावा तसा. बाबांना फार बरं वाटलं. मीटर चालू आहे म्हटल्यावर आजीसुद्धा दोनच प्रश्न विचारून बाजूला झाली, आणि आकडा पहिल्या मिनिटात मिळाला. फोर्टी-सेव्हन. बाबा त्या रात्री म्हणाले, केबल तुटलेलीच बरी.

मग भावोजी बिसावला गेले. एव्हाना आमच्याकडे तारेनं इंटरनेट आलं होतं, घरात, खाली माडांत. एका संध्याकाळी त्यांनी ज्याच्याकडून माल घेतात त्या व्यापाऱ्याच्या अंगणातून व्हिडिओ कॉल केला. व्यापाऱ्याची आई खुर्चीत बसलेली. भावोजींनी कौतुकानं आजीला दाखवली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन तिच्या हातात देऊन गोदामात गेले. दोन म्हाताऱ्या समोरासमोर, आणि मध्ये एकही माणूस नाही.

गिनी-बिसाव म्हणजे जुनी पोर्तुगीज वसाहत. आजीचं माहेर गोव्याच्या हद्दीला लागून, आणि आपल्या मराठीतही पोर्तुगिजांनी बरंच सामान विसरून ठेवलेलं. त्या बाईनं झाडाकडे बोट करून म्हटलं, "काजू." आजी म्हणाली, "काजू!" तिनं खालची बालदी उचलून दाखवली, "बाल्द." आजीनं आपली बादली आणवली. मग साबण झाला, चावी झाली, बटाटा झाला, अननस झाला. आंब्याला ती 'मांगा' म्हणाली. तो शब्द पोर्तुगिजांनी आपल्याच किनाऱ्यावरून उचलून नेलेला, पण आजीला ते माहीत नसल्यानं तिनं तो चुकीचा ठरवला आणि तीनदा 'आंबो' म्हणून घेतला. चाळीस मिनिटं. बाबा मागून येरझारा घालत "आकडो, आकडो" करत होते. त्यांच्या हातात फोन येईपर्यंत तिकडची बॅटरी संपली.

दहा मिनिटांनी भावोजींचा संदेश आला. नुसता '४९'. इंग्रजी नाही, मराठी नाही, बुडायला 'एकोण'ही नाही.

बाबा आजीवर उखडले. "चाळीस मिनटा! काय बोललंस गो चाळीस मिनटा? कायतरी कळला काय तुका?"

"तिचो उजवो गुडघो दुखता."

"आणि?"

"आणि अवंदा तेंच्या झाडांका बोंडू कमी धरलो हा. मोहोर जळलो."

बाबांनी चष्मा काढला. माल कमी म्हणजे पुढच्या पंधरा दिवसांत भाव चढणार, हे काजूवाल्याला सांगावं लागत नाही.

"ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"तिना. हात असो केल्यान." आजीनं हात उलटा करून बोटं मिटून दाखवली आणि परत वाल सोलायला घेतले. बाबांनी आयातदाराला फोन लावला. तो एंगेज होता.